पत्रिका घरी करायची, पण बोलावतंय कोण?

पत्राचा सारांश: वाचक २९ वर्षांची आहे आणि लग्न तीन महिन्यांवर आलं आहे. चित्रकलेची आवड असल्यामुळे सगळ्या पत्रिका घरीच, एकेक जलरंगात रंगवून करायचं तिच्या मनात आहे. पाहुणे साधारण २००. मजकूरही ठरीव साच्यातला नको, 'आम्ही दोघं लग्न करतोय, तुम्ही या' असा आपल्या शब्दांतला हवा. आईला हे पसंत नाही. "असं कुणी पत्रिकेत लिहितं का? आणि घरी केलेली पत्रिका बघून लोक म्हणतील, पैसे वाचवले." वडील दोन वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे निमंत्रक म्हणून आता आपलं नाव यावं असं मोठ्या भावाला वाटतं. होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील विभक्त आहेत. दोघांनाही पत्रिकेवर नाव हवंय, पण एकमेकांच्या शेजारी नको. आणि होणारा नवरा म्हणतो, कागदाचा खटाटोप सोड, मोबाइलवर पाठवून देऊ. तिचा प्रश्न: "पत्रिका घरी कराव्यात की छापून घ्याव्यात? आणि कुणाचंही मन न दुखवता मजकूर कसा लिहावा?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात कागद आणि रंग यांच्यावर चार ओळी आहेत आणि नावांवर दीड पान. म्हणून घरी की छापखान्यात, हा प्रश्न मी जरा मागे ठेवते. तो सुटण्यासारखा आहे. घोडं अडलंय ते निमंत्रण कुणाच्या नावाने जाणार इथे, आणि ते ठरत नाही तोवर रंगाची पेटी उघडूच नकोस.

'कुणाचंही मन न दुखवता' ही अटही तूच स्वतःला घालून घेतलेली दिसते. चार माणसांना चार वेगळ्या गोष्टी हव्या असताना ही अट पाळायला गेलीस, तर पत्रिकेवर इतकी नावं येतील की लग्न कुणाचं हे वाचणाऱ्याला शोधावं लागेल. मनं सांभाळायची ती त्या त्या माणसाशी बोलून. पत्रिकेला तेवढी जागा नसते.

तर, बोलावतंय कोण? याची उत्तरं मोजकीच आहेत. आई बोलावते. आई आणि भाऊ मिळून बोलावतात. दोन्ही घरं मिळून बोलावतात. किंवा तुम्ही दोघं बोलावता. यातलं एक एकदा निवडलंस की अर्धा मजकूर आपोआप लिहिला जातो, कारण वाक्यांचा कर्ता ठरतो. घरी लिहिलेल्या पत्रिकांमध्ये हमखास दिसणारा गोंधळ इथलाच असतो. सुरुवात आईच्या नावाने होते, मधे 'आमची कन्या' येते आणि शेवटी 'आम्ही दोघं तुमची वाट बघतोय'. हे 'आम्ही' कोण, ते 'आम्ही' कोण? एका पत्रिकेत एकच 'आम्ही' ठेव.

आता तुझ्या घराबद्दल. भावाला काय हवंय ते तू लिहिलं आहेस, तुला काय हवंय तेही लिहिलं आहेस. आईला काय नको तेही कळलं. आईला काय हवंय ते मात्र पत्रात कुठेच नाही. तिला कुणी विचारलंय का? वडील गेल्यावर निमंत्रकाची जागा आपसूक मुलाकडे जाते, असं तुमच्या घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं दिसतं, कदाचित आईनेही. मला ते पटत नाही. तुझं लग्न घरातल्या ज्या थोरल्या माणसाच्या जिवावर होतंय, ती तुझी आई आहे. तिला एकटीला गाठ आणि सरळ विचार: "आई, तुझ्या एकटीच्या नावाने पत्रिका काढली तर तुला आवडेल का?" ती हो म्हणाली तर भावाला तू समजाव, ते काम तिच्यावर ढकलू नकोस. "नको, दादाचं नावही असू दे" म्हणाली तर दोघांची नावं घाल आणि विषय संपव. दादाचाही मला राग येत नाही. बाबांच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं असं त्याला वाटत असणार, आणि त्यात मोठेपणाच्या हौसेपेक्षा काळजीच जास्त असू शकते.

वडिलांचं नाव पत्रिकेवर नक्की असावं, पण जागा नीट निवडून. गेलेलं माणूस नात्यात येतं, निमंत्रकांत येत नाही. म्हणजे 'कै. (बाबांचं नाव) आणि (आईचं नाव) यांची मुलगी' हे बरोबर. पण 'कै. (बाबांचं नाव) आपल्याला आमंत्रण देत आहेत' असं वाचणाऱ्याला चुकूनही वाटता कामा नये. घाईत नावं खालीवर करताना हे होतं, म्हणून सांगितलं.

होणाऱ्या सासूसासऱ्यांच्या बाबतीत माझा सल्ला कोरडा वाटेल. दोन नावं, दोन ओळी, मधे 'आणि' नाही, 'व' नाही, स्वल्पविरामसुद्धा नाही. 'यांचा मुलगा' तिसऱ्या ओळीत. वर कुणाचं नाव, यावरून ताणाताणी झाली तर निर्णय तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने घ्यायचा आणि दोघांना वेगवेगळं भेटून सांगायचा. त्याचे आईवडील आहेत. तू मधे पडलीस तर लग्नाआधीच कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होईल.

नावांआधीच्या उपाध्यांचं काय? माझं मत विचारशील तर सगळ्या काढून टाक. 'श्री.' पुरुषाबद्दल तसं काही सांगत नाही, पण सौ. आणि श्रीमती या उपाध्यांवरून बाईचा नवरा आहे की नाही हेसुद्धा लोक वाचतात, आणि तुमच्या पत्रिकेवर एक आई नवरा गेलेली आणि दुसरी विभक्त. त्यांच्या नावांआधी काय लावायचं यावर घरात चर्चा होणं हेच त्यांना लागेल. कुणालाच काही न लावता नुसती पूर्ण नावं छापली तर पत्रिका साधी आणि नीटस दिसते. फक्त हा नियम सगळ्यांना सारखा हवा, अगदी वधूवरांनाही. एकाला 'श्री.' लावलं की बाकीच्यांचं काय राहिलं हे लगेच नजरेत भरतं. 'कै.' तेवढं राहू दे, ते माहितीसाठी आहे.

आता 'आपल्या शब्दांत' याकडे येऊ. तुला साचा नकोय, आणि आईला वाटतं साचा मोडला की मान गेला. मला दोन्ही जरा घाईचं वाटतं. पत्रिका तुमच्याविषयी असली तरी ती पाहुण्यासाठी लिहायची असते. त्याला पाच गोष्टी कळायला हव्यात: कोण बोलावतंय, कुणाचं लग्न, कधी, कुठे, आणि आपण येतोय हे कुणाला कळवायचं. या पाचांत कुठेही डोकं खाजवायची वेळ आली नाही, तर उरलेल्या जागेत तू गमतीने लिही नाहीतर गंभीरपणे लिही, दोन्ही शोभेल. तुमची भेट कशी झाली, आधी कोणी विचारलं, ही सगळी गोष्ट वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेव. ज्याला हौस असेल तो वाचेल. तारीख शोधायला कुणाला कविता वाचायला लावू नकोस.

आई निमंत्रक असेल तर एक गोष्ट जरूर करून बघ. तिलाच बोलायला सांग आणि तू लिहून घे. "माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. तिच्या बाबांना जी माणसं जवळची होती ती सगळी त्या दिवशी माझ्याभोवती असावीत असं वाटतं. नक्की या." असं काहीतरी तिच्या तोंडून येईल, कदाचित याहून चांगलं. त्यात तुला नको असलेला साचा नाही आणि तिला हवा असलेला मानही आहे. तुम्ही दोघं निमंत्रक असाल तर मजकूर असा होऊ शकतो:

'आम्ही लग्न करतोय.
(वार, तारीख, वेळ)
(ठिकाण, पूर्ण पत्ता)
तुम्ही आलात तर फार आनंद होईल.
येताय ना? (तारखे)पर्यंत (नाव, फोन) इथे कळवा.'

खाली आईचं आणि त्याच्या आईवडिलांचं नाव 'यांच्या आशीर्वादाने' म्हणून घालता येईल. सासूसासऱ्यांच्या शेजारी-शेजारी असण्याचा पेचही असा सुटतो, कारण तीन नावं तीन ओळींत आली की कुठली दोन जोडीने आहेत हा प्रश्नच येत नाही. दोन्ही घरं मिळून बोलावणार असाल तर मात्र औपचारिक भाषाच बरी. 'विवाहप्रसंगी आपण उपस्थित राहावे ही नम्र विनंती' यात तीन जणांचे तीन स्वभाव सहज सामावतात. साचे उगीच टिकलेले नसतात.

मजकुरातल्या काही बारीक जागा मात्र बघून घे. 'सहकुटुंब' हा शब्द घातलास की घरातले सगळे आले. जागा मोजकी असेल तर तो शब्द गाळ आणि पाकिटावर ज्यांना बोलावलंय त्यांची नावं लिही. 'मुलांना आणू नये' असं छापण्यापेक्षा हे बरं, आणि शंका असेल तिथे फोन कर. भेटवस्तू नको असतील तर एक छोटी ओळ पुरे, तिच्यावर कारणांचा परिच्छेद नको. वेळेसोबत सकाळ, दुपार, संध्याकाळ हेही लिही, आणि ती वेळ पोहोचायची की विधी सुरू व्हायची तेही स्पष्ट कर. उत्तर कळवायची तारीख, जेवणाचा आकडा जिथे द्यायचा असेल त्याच्या आठवडाभर आधीची ठेव. उशिरा कळवणारे असतातच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वार आणि तारीख न जुळणं. तू आणि तो, दोघांनी मजकूर इतक्यांदा वाचलेला असतो की डोळे चूक बघतच नाहीत. म्हणून तपासायला असं माणूस बसव, ज्याने तो आधी पाहिलेला नाही. कॅलेंडर समोर ठेवून त्याने मोठ्याने वाचावं. नावांचे ऱ्हस्वदीर्घ त्या त्या माणसालाच विचार. कुणी 'दिप्ती' असं लिहीत असेल तर तिथे व्याकरण शिकवायचं नाही.

घरी टाइप करत असशील तर लिपीकडेही लक्ष दे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात. म्हणून युनिकोडमध्ये लिही आणि छपाईला देताना पीडीएफ करून दे, त्यात फॉन्ट फाइलसोबतच जातो. चित्रं जोडण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडणी नीट होत नाही, मग पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते आणि रफार सुटून पडतो. आणि 'होणाऱ्या' हा शब्द तर जवळजवळ प्रत्येक पत्रिकेत असतो. तो 'होणार्या' असा छापला गेलेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता पत्रिका हातात आली की आधी तोच शोधते. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवे असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' हा मोफत मिळणारा फॉन्ट बघ, त्यात ही वळणं आहेत.

आता तुझा पहिला प्रश्न. पत्रिका घरी करण्यामागे तुझं एक गृहीत आहे: प्रत्येक पत्रिका हाताने रंगवली तरच ती मनापासूनची. आणि आईचं गृहीत: घरची म्हणजे स्वस्तातली. आईचं तर हिशोबातच बसत नाही. जाड कागद, वाया जाणारे ताव आणि शाई धरली तर घरची पत्रिका स्वस्त पडेलच असं नाही. घरच्या पत्रिकेला कमीपणा आणतात ते वाकडे काप, पुसटलेली शाई आणि चुकलेली अक्षरं. एक नमुना शेवटपर्यंत, पाकिटासकट, पूर्ण करून तिच्या हातात दे. बोलून जे होणार नाही ते त्याने होईल.

तुझ्या गृहीताची परीक्षा घड्याळ लावून घे. आधी घरं मोज, माणसं नको. २०० पाहुण्यांची बहुधा ८०-९० पाकिटंच होतील. मग एक पत्रिका सुरुवातीपासून पाकीट बंद करेपर्यंत कर आणि किती वेळ लागला ते बघ. वीस मिनिटं लागली तर ९० पत्रिकांना ३० तास होतात, आणि त्यात रंग वाळण्याचा वेळ धरलेला नाही. लग्नाच्या आधीच्या आठवड्यांत हे ३० तास तुला आनंदाने द्यायचे असतील तर खुशाल दे. पण चाळिसाव्या फुलाला हात दुखत असताना ते मनापासूनचं राहील का, हे स्वतःला विचार. मी असते तर एकच चित्र जीव ओतून काढलं असतं, ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं असतं (मोठं करायचं असेल तर ६०० वर) आणि बाकी छापलं असतं. हाताने फक्त पाकिटावरची नावं लिहिली असती. पाहुण्याला आधी स्वतःचं नाव दिसतं, आणि ते हाताने लिहिलेलं असलं की त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

तरीही घरीच छापायचं ठरवलंस तर आधी पाकिटं घे आणि मग पत्रिकेचा आकार ठरव. बरेच जण उलट करतात आणि शेवटी कार्डं कापत बसतात. ए-४ कागद अर्धा केला की ए-५, आणि तो मधोमध दुमडला की ए-६, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटर. हा सी-६ पाकिटात (११४ × १६२) व्यवस्थित बसतो. कागद फार कमी वाया जातो आणि पाकिटं सहज मिळतात. चौकोनी पाकीट दिसतं छान, पण पोस्टाने पाठवणार असशील तर आधी चौकशी कर. काही देशांत यंत्रावर न बसणाऱ्या आकाराला जास्त टपालखर्च लागतो.

कागदाची जाडी ग्रॅममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन. रोजचा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो, पत्रिकेला २०० ते २५० हवा. एवढा जाड कागद तुझा प्रिंटर घेतो का हे त्याच्या माहितीपुस्तिकेत बघ. ज्या प्रिंटरमध्ये कागद आत वळून येतो त्यात जाड ताव अडकतात, मागून सरळ जाणारा मार्ग असेल तर तो वापर. इंकजेटची रंगद्रावणाची (डाय) शाई पाण्याने पसरते, रंगकणांची (पिगमेंट) बरीच टिकते. छापलेल्या नमुन्यावर ओलं बोट फिरवून बघ. लेझर प्रिंटरचा टोनर खरबरीत हातकागदावर नीट बसत नाही आणि घडीवर तडकतो, तेव्हा घडीवर गडद रंग येऊ देऊ नकोस. आणि इंकजेटसाठीचा लेप असलेला कागद लेझरमध्ये घालायचा नाही, तिथल्या उष्णतेने लेप वितळून प्रिंटर बिघडू शकतो. घरचे बहुतेक प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, त्यामुळे चारी बाजूंनी थोडी पांढरी जागा आधीच धरून चाल. छापखान्यात देणार असशील तर उलट कर, रंग कापाच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर जाऊ दे.

जाड कागद नुसता दुमडला की घडी फाटल्यासारखी दिसते. कागदाला एक दिशा असते, तिच्याकडे घडी सहज पडते. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघ, जिकडे कमी विरोध होतो ती दिशा. घडीच्या जागी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाब, मग दुमड. कापताना धातूची पट्टी आणि नवं ब्लेड घे, एकाच जोरकस फटक्याऐवजी हलके तीन-चार हात दे. आणि कागद ठरल्यापेक्षा दहा-पंधरा ताव जास्त आण, नंतर तोच रंग तोच पोत मिळेल याचा भरवसा नसतो.

राहिला मोबाइल. होणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं मोडीत काढू नकोस. मित्रमंडळी आणि लांबची माणसं यांना तेच सोयीचं आहे. कागदी पत्रिका ज्यांना हातात घेऊन बरं वाटेल त्यांच्यासाठी ठेवलीस तर ९० चे ४० होतील, आणि मग हाताने रंगवण्याचा विचार पुन्हा करता येईल. मजकूर दोन्हीकडे एकच ठेव. मोबाइलवर नुसतं चित्र पाठवू नकोस, खाली तारीख, वेळ आणि पत्ता टाइप करून दे, म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षर मोठं करता येतं आणि पत्ता नकाशात टाकता येतो. कागदी पत्रिकेवर क्यूआर कोड छापणार असशील तर तो दोन सेंटिमीटरहून लहान नको, भोवती कोरी जागा हवी, आणि छापलेल्या कागदावरूनच दोन-तीन फोनवर तपासून बघ. पडद्यावर चाललं म्हणून कागदावर चालेलच असं नाही.

वेळेचं म्हणशील तर तीन महिने पुरेसे आहेत. या आठवड्यात आईशी बोलणं आणि त्याचं त्याच्या आईवडिलांशी बोलणं. पुढच्या दोन आठवड्यांत मजकूर आणि एक पूर्ण नमुना. लग्नाच्या सहा ते आठ आठवडे आधी पत्रिका घराबाहेर पडायला हव्यात. भावाला पत्त्यांची यादी करायला सांग. बाबांचे जुने स्नेही कोण, कुठे राहतात, हे त्याला नाहीतर आईलाच माहीत असेल.

आणि सगळं करूनही छापल्यावर चूक सापडली तर? एखाद्या नावातली वेलांटी चुकली असेल तर त्या माणसाला स्वतः फोन करून सांग आणि पत्रिका तशाच जाऊ देत. तारीख, वेळ किंवा पत्ता चुकला असेल तर मात्र पुन्हा छाप. खाडाखोड करून पाठवलीस तर खोडलेलं खरं की वर लिहिलेलं, हे विचारायला निम्मे पाहुणे आईला फोन करतील.